चाळिशीतल्या विद्यार्थ्याचं वेळापत्रक : संशोधन-पूर्वतयारी कार्यक्रमांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी तयार करणाऱ्या कार्यक्रमांचे संचालक, निवड समित्यांचे सदस्य आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या मधल्या वर्षांत होतकरू विद्यार्थी हेरायचे, एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांच्याकडून खरंखुरं संशोधन करून घ्यायचं, उन्हाळ्यात विद्यावेतन द्यायचं, पीएच.डी.चा अर्ज कसा लिहायचा ते शिकवायचं आणि ज्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्या घरातून संशोधक उभा करायचा, हे काम तुम्ही करता. त्याचं मोल मला ठाऊक आहे. अशाच विद्यार्थ्यांना संशोधन-लेखनात मदत करणं हे माझं रोजचं काम आहे. हे पत्र त्यांच्यातल्या एका गटासाठी लिहिते आहे. त्यांना तुम्ही प्रवेश देता, पण कार्यक्रम आखताना ते तुमच्या डोळ्यांसमोर नसतात. पस्तिशीत, चाळिशीत, कधी पन्नाशीत पदवी पूर्ण करायला परत आलेले हे विद्यार्थी आहेत.

कुणाला शाळा संपताच कमवायला बाहेर पडावं लागलं, कुणाला लहान वयात मुलं झाली, कुणी सैन्यात होतं, कुणाचा कारखाना बंद पडला, कुणी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचं सगळं करत राहिलं. कॉलेजात परत येताना ही माणसं घर, नोकरी, कर्ज, सगळं बरोबर घेऊन येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण-सांख्यिकी केंद्रानं अशा विद्यार्थ्यांच्या सात खुणा सांगितल्या होत्या : उशिरा घेतलेला प्रवेश, अर्धवेळ शिक्षण, पूर्णवेळ नोकरी, आर्थिकदृष्ट्या स्वतःवर अवलंबून असणं, पदरी कुटुंब असणं, एकट्यानं मूल वाढवणं आणि शाळा पूर्ण केल्याचं नेहमीचं प्रमाणपत्र नसणं. या यादीत बुद्धीबद्दल, जिज्ञासेबद्दल, संशोधनाच्या कुवतीबद्दल एक अक्षर नाही. जवळजवळ सगळ्या गोष्टी वेळेच्या आणि पैशाच्या आहेत.

नियमांत त्यांना मज्जाव आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मॅकनेअर या सरकारी संशोधन-पूर्वतयारी कार्यक्रमाचंच बघा. रोनाल्ड मॅकनेअर हे लेसरवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ आणि अंतराळवीर २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावानं हा कार्यक्रम कायद्यात आला. निदान दोन तृतीयांश सहभागी कमी उत्पन्नाच्या घरातले आणि घरातल्या पहिल्या पदवीधर पिढीतले असावेत, अशी अट त्यात आहे. वयाची अट नाही. शिवाय सरकारी पैशावर चालणाऱ्या उपक्रमांत वयावरून भेदभाव करायला तिथं १९७५ च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. मॅकनेअर स्वतः गेले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. त्या वयात पहिल्या पदवीची परीक्षा देणारा माणूस त्यांच्या नावाच्या कार्यक्रमाचा अर्ज भरू शकतो, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

मग अडतं कुठे? अडतं ते निवड झाल्यानंतर हातात पडणाऱ्या वेळापत्रकात.

एक उदाहरण मी अगदी जवळून पाहिलं. रुग्णालयात रात्रपाळी करणारी, चाळिशी ओलांडलेली विद्यार्थिनी. एका संशोधन-पूर्वतयारी कार्यक्रमात तिची निवड झाली. अभिनंदनाच्या पत्रालाच उन्हाळ्याचं वेळापत्रक टाचलेलं होतं. आठ आठवडे वसतिगृहात राहणं सक्तीचं. रोज सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत कार्यशाळा. या काळात दुसरीकडे नोकरी करायची नाही, अशी तळटीप. वसतिगृहात मुलांना आणायला परवानगी नाही. मार्गदर्शकांची साप्ताहिक भेट दुपारी तीन वाजता, म्हणजे रात्रपाळीची माणसं ज्या वेळी झोपलेली असतात त्या वेळी. तिनं पेन्सिलनं प्रत्येक ओळीशेजारी एक बारीक खूण केली होती. ते पान माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, यातलं सक्तीचं नेमकं किती आणि सवयीचं किती?"

तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते आहे. संशोधनाच्या तयारीला काय लागतं? एक नीट मांडलेला प्रश्न, तो तपासायची पद्धत, काम वाचून परखड बोलणारा मार्गदर्शक, पुरेसे तास आणि शेवटी लोकांसमोर मांडण्याजोगं लिखाण. यातल्या कशातही मला काटछाट नको आहे. वसतिगृह, सलग आठ आठवडे, सकाळी नऊची हजेरी, संध्याकाळची मैत्रीवर्धक सहल, हे कुणीतरी वीस वर्षांचा, एकटा, सुट्टीत मोकळा विद्यार्थी मनात धरून ठरवलं आणि पुढे वर्षानुवर्षं तसंच चालत राहिलं. प्रयोगशाळेतल्या पेशी दर काही तासांनी तपासाव्या लागत असतील तर तिथं हजर राहावंच लागेल, हे कळतं. पण मुलाखतींचं विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच नियमात बांधायचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी वाट नवी नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ मध्ये झाली आणि १९७१ मध्ये तिथं शिकवणं सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी नोकरी करणारेच असणार हे धरून सगळी रचना केली गेली. व्याख्यानं रेडिओ-टीव्हीवरून आडवेळेला, अभ्यास टपालानं, आणि प्रयोगशाळेचं जे काम घरी होणंच शक्य नव्हतं ते आठवडाभराच्या निवासी उन्हाळी शाळेत. आठवडाभराची रजा माणूस काढू शकतो. दोन महिन्यांची रजा बहुतेकांना मिळत नाही. तुमचे आठ आठवडे पूर्ण शैक्षणिक वर्षात पसरवता येतात : दर आठवड्याला ठरावीक तास, शनिवारची एक लांब बैठक आणि एकच निवासी आठवडा, त्याची तारीख सहा महिने आधी कळवलेली.

पैशाचं गणितही याच सवयीतून आलेलं आहे. मॅकनेअर कार्यक्रमात संशोधनासाठी मिळणाऱ्या विद्यावेतनाची कमाल मर्यादा कायद्यानंच वर्षाला २,८०० डॉलर ठेवली आहे. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम हातभार वाटते. घर चालवणाऱ्या बाईला दोन महिन्यांचा पगार सोडून ती घेणं म्हणजे तोटा पत्करणं आहे. कायद्याची मर्यादा तुमच्या हातात नाही, मान्य. पण नोकरी करू नये ही तळटीप कोणी लिहिली? बऱ्याच ठिकाणी ती कार्यक्रमानं स्वतःच घातलेली असते. त्याऐवजी आठवड्याला संशोधनाचे इतके तास भरले पाहिजेत, एवढंच म्हणा आणि ते तास कसे जमवायचे हे त्या माणसावर सोडा. सतरा जबाबदाऱ्या सांभाळून इथवर आलेल्या माणसाला तासांची आखणी शिकवावी लागत नाही. परिषदेचा प्रवासखर्च आधी खिशातून करा, बिलं द्या, मग दोन महिन्यांनी परत मिळेल, ही पद्धतही बदला. तिकीट तुम्हीच काढून द्या. क्रेडिट कार्डाची मर्यादा मुलांच्या औषधांत संपलेली असते तेव्हा परिषद सोडली जाते आणि तुमच्या नोंदीत "वैयक्तिक कारणास्तव अनुपस्थित" असं उमटतं.

आता तुमची बाजू. तुमच्या निधीचं नूतनीकरण आकड्यांवर ठरतं. मॅकनेअरसारख्या कार्यक्रमाला दाखवावं लागतं की पदवीनंतर लगेचच्या शैक्षणिक वर्षात किती जण पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लागले आणि दहा वर्षांच्या आत किती जणांची डॉक्टरेट झाली. धाकट्या मुलाची शाळा संपेपर्यंत एक वर्ष थांबून अर्ज करणारी विद्यार्थिनी या हिशेबात अपयश म्हणून मोजली जाते. त्यामुळे निवड समितीच्या बैठकीत कुणी वाईट हेतूनं नव्हे, काळजीपोटीच म्हणतं, "चांगली आहे, पण लगेच जाईल का?" आणि अर्ज खालच्या गठ्ठ्यात जातो. हे बदलायची ताकद एकेका संचालकात नसेल, पण तुमच्या संघटना आहेत, निधी देणाऱ्यांशी तुमचं बोलणं चालू असतं. थांबण्याचं कारण नोंदवून वर्षभराची मुभा मिळावी, अशी मागणी तुम्हीच करू शकता. घड्याळ कुठून सुरू करायचं हे धोरणानं ठरवता येतं. युरोपियन रिसर्च कौन्सिल तरुण संशोधकांच्या अनुदानासाठी जन्मतारीख बघत नाही, पीएच.डी.पासूनची वर्षं मोजते आणि आईला प्रत्येक मुलामागे दीड वर्ष वाढवून देते.

इथपर्यंत मी अडथळ्यांबद्दल बोलले. खरं तर मला जास्त बोलायचं आहे ते ही माणसं बरोबर काय आणतात आणि तुम्ही त्याचं काय करता, याबद्दल.

प्रौढांना कसं शिकवावं याची मांडणी करणारे माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आसपास ठासून सांगितलं होतं की प्रौढाचा अनुभव ही त्याच्या शिक्षणाची मुख्य सामग्री आहे आणि तो अनुभव नाकारला तर त्याला आपणच नाकारले गेलो असं वाटतं. हे वाक्य प्रशिक्षणांत सगळे मान डोलावून ऐकतात. प्रत्यक्षात दोन टोकं दिसतात. काही मार्गदर्शक अनुभवाला "ऐकीव गोष्टी" म्हणून बाजूला सारतात. काही इतके भारावतात की तपासतच नाहीत. दोन्हींत विद्यार्थी संशोधन शिकत नाही.

त्या रात्रपाळीच्या विद्यार्थिनीचंच सांगते. तिचं पहिलं वाक्य होतं, "पाळी बदलताना रुग्ण पडतात, हे सगळ्या नर्सेसना माहीत आहे." वीस वर्षांच्या मुलाला असा विषय सुचला नसता. तो आधीच्या शोधनिबंधांतून विषय हुडकत बसला असता. पण ते वाक्य प्रश्न नव्हता, निष्कर्ष होता. पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्या एका वाक्यावर काम केलं. पाळी बदलताना म्हणजे नेमकं कधीपासून कधीपर्यंत? पडणं म्हणजे काय, जमिनीवर आलेला रुग्णच मोजायचा की तोल गेलेला आणि सावरलेलाही? इतर वेळी कमी पडतात हे कशावरून? पाळी बदलायच्या वेळी नोंद करणारी माणसं दुप्पट हजर असतात, म्हणून त्या वेळच्या नोंदी जास्त असतील का? या शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की घटनेच्या नोंदवहीत वेळ लिहिताना बऱ्याचदा घटना घडल्याची नाही, लिहायला बसल्याची वेळ पडते. ते तिला ठाऊक होतं, कारण तिनं स्वतः त्या नोंदी केल्या होत्या. त्या एका माहितीनं सगळ्या आराखड्याची दिशा बदलली. मला ते कधी कळलं नसतं आणि आकडेवारीच्या प्राध्यापकांनाही नाही.

अनुभवी माणसाची ठाम मतं ही अडचण असते, हे खरं आहे. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असं होतं. पण मताचं प्रश्नात रूपांतर करायला शिकवता येतं. त्याला वेळ लागतो आणि मार्गदर्शकाला ऐकून घ्यावं लागतं. विद्यार्थ्याला माहीत असलेल्या जगाबद्दल आपण अडाणी आहोत, हे काही प्राध्यापकांना जड जातं. समोरची व्यक्ती आपल्या वयाची किंवा आपल्यापेक्षा मोठी असेल तर आणखीच. म्हणून मार्गदर्शकांना यासाठी वेगळी तयारी द्या. नुसती यादी पाठवून जोड्या लावू नका.

असं मार्गदर्शन कसं दिसतं याचं एक उदाहरण गणितात आहे. मार्जरी राइस पाच मुलांची आई, गणिताचं शिक्षण शाळेपुरतं. १९७५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या गणिताच्या सदरात तिनं वाचलं की पंचकोनी फरशांनी सपाट जागा किती तऱ्हांनी भरता येते हा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्वयंपाकघरात बसून, स्वतःची चिन्हपद्धती तयार करून तिनं चार नवे प्रकार शोधले. मला या गोष्टीतली दुसरी बाई तितकीच महत्त्वाची वाटते. डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ प्राध्यापिकेकडे राइसची ती अनोळखी चिन्हं तपासायला आली, तेव्हा आधी रूढ पद्धत शिका मग या, असं तिनं म्हटलं नाही. ती चिन्हं समजून घेतली, निष्कर्ष पडताळले आणि गणिताच्या जगापुढे मांडले.

क्षमतेबद्दलच्या शंकेचंही बोलून टाकू, कारण ती बैठकांत दबक्या आवाजात येतेच. वयानुसार काय बदलतं यावर मानसशास्त्रात जुना अभ्यास आहे. वॉर्नर शाई यांनी सिएटलमध्ये १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना अनेक दशकं पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. झटपट ओळखण्याचा वेग लवकर उतरणीला लागतो. शब्दसंपत्ती, भाषिक आकलन यांसारख्या गोष्टी मात्र मध्यम वयात टिकून राहतात, काही वाढतातही. म्हणजे घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत चाळिशीतला विद्यार्थी मागे दिसू शकतो आणि साहित्याचा आढावा लिहिताना पुढे. निवडीत वेळ लावलेल्या चाचणीला किती वजन द्यायचं, हे ठरवताना संशोधनात वेगाचं काम किती असतं ते विचारा. खरी उणीव वेगळीच असते : बीजगणित शेवटचं पाहून वीस वर्षं झालेली असतात, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच उघडलेलं असतं आणि तरुण मुलांदेखत "फाइल कुठे सेव्ह झाली?" असं विचारायची लाज वाटते. कार्यक्रम सुरू व्हायच्या महिनाभर आधी एक छोटा, बिनगुणांचा वर्ग ठेवलात तर यातलं निम्मं ओझं उतरतं. तो सर्वांसाठी खुला ठेवा. गरज असलेली तरुण मुलंही निमूट येऊन बसतील.

शिफारसपत्रांचा नियमही एकदा वाचून बघा. दोन प्राध्यापकांची पत्रं मागता. संध्याकाळच्या वर्गांना शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात आणि पुढच्या सत्रात ते तिथं नसतात. दहा वर्षं हाताखाली काम पाहिलेल्या वरिष्ठाचं एक पत्र चालवून घ्या. जुन्या गुणपत्रिकेचंही तसंच. एकोणिसाव्या वर्षी अर्धवट सोडलेल्या सत्रातले नापासाचे शेरे आणि परत आल्यावरचे गुण यांची एकत्र सरासरी काढून उंबरठ्यावरच कुणाला थांबवू नका.

गटात एकदा सामील झाल्यावर या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आणखी एक काम येतं, ते कुणी सोपवलेलं नसतं. त्या सगळ्यांच्या मोठ्या ताई, मावशी, काका होतात. घाबरलेल्या मुलाला धीर देणं, भांडण मिटवणं, उशिरा झोपणाऱ्यांना उठवणं. यातून तरुणांना फार मिळतं आणि मी ते थांबवा म्हणणार नाही. पण तुमच्या अहवालात "गटाला आधार दिला" असं त्यांचं कौतुक आणि बाकीच्यांचं "उत्कृष्ट संशोधन" असं कौतुक, हे मी वाचलेलं आहे. त्यांच्या निबंधाबद्दल बोला.

वयोवृद्धांच्या पदवीच्या बातम्यांबद्दलही थोडं. नोला ओक्स यांनी २००७ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी कॅन्ससच्या फोर्ट हेज स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली, तेव्हा जगभर फोटो छापून आले. त्यांच्या जिद्दीला माझा दंडवत आहे. तरी अशा बातम्या भिंतीवर लावून एखाद्या संस्थेला वाटत असेल की आपण प्रौढांसाठी बरंच करतो, तर मला काळजी वाटते. पंचेचाळिशीतली विद्यार्थिनी चमत्कार नसते. ती साधी विद्यार्थिनी असते आणि तिला बैठकीची वेळ बदलून हवी असते.

आणि तिच्याशी खरं बोला. पीएच.डी.ची भुरळ घालून तिला पुढे ढकलू नका आणि वयाकडे बघून परस्पर तिच्या वतीनं नाहीही म्हणू नका. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्यांचं मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) सुमारे ३१ आहे आणि पदव्युत्तर प्रवेशापासून डॉक्टरेटपर्यंत मध्यक सात वर्षांच्या आसपास जातात, शिक्षणशास्त्रात त्याहून बरीच जास्त. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर बावन्न. त्यानंतरही कामाची दहा-पंधरा वर्षं उरतात. पण त्या सात वर्षांत निवृत्तीची शिल्लक थांबते, आरोग्यविमा कुणाकडून हा प्रश्न येतो, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचं तर जोडीदाराच्या नोकरीचं काय हा प्रश्न येतो, आणि प्राध्यापकपदाच्या निवडीत वय उघड न बोलता मोजलं जातं. हे सगळं आकड्यांसकट टेबलावर मांडा. अर्धवेळ डॉक्टरेट कुठे चालते, निधी कुठे मिळतो, रुग्णालयं, शासकीय संस्था, स्वयंसेवी संस्था यांत संशोधनाच्या कोणत्या जागा पदव्युत्तर पदवीवर मिळतात, याची माहिती तुमच्या कार्यालयात तयार ठेवा. त्यानंतर ती जो निर्णय घेईल तो तिचा असेल.

त्या विद्यार्थिनीनं शेवटी तो कार्यक्रम घेतला नाही. वसतिगृहाची अट शिथिल होत नाही, असं उत्तर आलं. पाळीबदलाचा तिचा आराखडा पुरा झालेला आहे, विभागातले एक प्राध्यापक तो आपल्या वेळात वाचतात. विद्यावेतन नाही, परिषद नाही, अर्ज भरायला मदत करणारं कुणी नाही. तुमचा कार्यक्रम नेमका याचसाठी असतो.

म्हणून एक मागणी, पुढच्या अर्जांची जाहिरात निघायच्या आत करता येण्याजोगी. वेळापत्रक समोर घ्या आणि प्रत्येक ओळीशेजारी लिहा की ही अट कायद्याची आहे, संशोधनाची गरज आहे की आपली पद्धत आहे. जी पद्धत आहे तिच्यापुढे पर्याय लिहा. मग ते पान, पर्यायांसकट, संपर्क साधायच्या वेळेसह, जाहिरातीसोबतच छापा. त्यातली एक वेळ संध्याकाळी सातनंतरची असू द्या.

आपली,
पदवीच्या विद्यार्थ्यांची एक संशोधन-लेखन मार्गदर्शक